वऱ्हाडातले वरच्या पाण्याचे मासे

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की त्याची बातमी होते. त्याच उन्हात घरातल्या काचेच्या पेटीतलं पाणीही तापतं, त्याची बातमी होत नाही. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पाणी ३५ अंशांवर गेलं की तो ७ मिलिग्रॅमवर येतो. पाणी तापलं की माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. अशात वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, तर तळाशी राहणारे मासे धापा टाकत वर येतात आणि त्यातले काही संध्याकाळपर्यंत उलटे होतात. पेटीच्या अगदी वरच्या बोटभर पाण्यात वावरणारे मासे बहुतेक वेळा तग धरून असतात.

यामागे शरीराची ठेवण आहे. हवेला टेकलेल्या पाण्याच्या पातळ पदरात प्राणवायू सतत मुरत असतो; खालचं पाणी कितीही कोंडलं तरी हा पदर पूर्ण रिता होत नाही. तोंड वरच्या बाजूला वळलेलं, डोकं चपटं आणि पाठ सरळ असलेला मासा या पदरातलं पाणी सहज ओढून कल्ल्यांवरून सोडू शकतो. ज्याचं तोंड खाली वळलेलं आहे त्याला त्यासाठी जवळजवळ उभं राहावं लागतं आणि त्यात तो थकतो. विल्यम लुईस या अमेरिकी अभ्यासकानं १९७० मध्ये गप्पी, गँबुसिया यांच्या गटातल्या माशांवर लिहिताना नेमकं हेच मांडलं : ही ठेवण प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात जगण्यासाठीची आहे.

वर वळलेल्या तोंडाचा आणखी एक उपयोग आहे, आणि वऱ्हाडातल्या या माशांचा सारा इतिहास त्याच्याभोवती फिरतो. डासाची अळी श्वास घ्यायला पाण्याच्या पृष्ठभागावर येते. हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलिसची अळी पृष्ठभागाला समांतर पडून राहते, तर डेंग्यूच्या एडिसची आणि हत्तीरोगाच्या क्युलेक्सची अळी शेपटीकडची नळी वर लावून डोकं खाली करून लोंबकळते. तिन्ही अळ्यांना वर यावंच लागतं आणि वर मासा असतो.

माशांच्या पेटीची पुस्तकं वरच्या थरातल्या माशांची निवड रंग, आकार आणि शोभा यांवरून करायला सांगतात. अमरावती-अकोल्यात ही निवड आधी डासांनी केली, मग पाण्याच्या खारटपणानं आणि उन्हानं. शोभा फार उशिरा आली.

माणसानं बांधलेल्या पाण्याची वऱ्हाडाला जुनी ओळख आहे. अचलपूरजवळचा हौज कटोरा, दर्यापूर तालुक्यातल्या महिमापूरची सात मजली पायविहीर, नरनाळ्यावरचा शक्कर तलाव, गाविलगडावरचे देव तलाव आणि खान तलाव ही त्यातली ठळक नावं. त्याखेरीज गावोगावच्या आडांना आणि वाड्यांतल्या हौदांना तर गणतीच नाही. विहिरीत कासव किंवा चार मासे सोडले की पाणी चांगलं राहतं, हा समज महाराष्ट्रभर होता आणि अजून आहे. त्यामागचं शास्त्र कुणी सांगत नसे. मासे किडे खातात एवढं काठावरून दिसतं, तेवढंच पुरेसं होतं.

हे मासे आसपासच्या नदी-नाल्यांतलेच असत. दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा नीट केली ती विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानं. मुंबई सरकारचा सांख्यिकी वार्ताहर म्हणून तो १८२४ नंतर दख्खनभर फिरत होता. त्याचा माशांवरचा निबंध १८३९ चा. कामाचा भर भीमेच्या खोऱ्यावर होता, पण त्यातल्या कितीतरी जाती पूर्णा-तापीच्या पाण्यातही आहेत. साइक्सची एक सवय फार चांगली होती : भोई-कोळ्यांनी सांगितलेलं नाव तो लॅटिनच्या साच्यात बसवून तसंच ठेवत असे. चांदीच्या पात्यासारख्या, पृष्ठभागालगत थव्यानं पळणाऱ्या एका माशाला त्यानं ‘बालूकी’ म्हटलं, आणि शास्त्रज्ञ आजही त्याला साल्मोस्टोमा बालूकी म्हणतात. खुदरी, शिंगटी ही नावंही अशीच लॅटिनमध्ये गेली.

या चांदीच्या पात्यांबरोबर वऱ्हाडाच्या वरच्या पाण्यात रासबोरा आहे, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ असलेला. मेळघाटच्या वाहत्या पाण्यात निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा डेव्हॅरिओ आहे. सुईसारख्या लांब चोचीचा झेनेंटोडॉन आहे, जो काठाशी काडीसारखा निश्चल पडून राहतो आणि जवळून जाणारा छोटा मासा पटकन उचलतो. वरच्या थरासाठी दूरदेशीचे मासे आणण्याची वऱ्हाडाला वास्तविक काहीच गरज नव्हती. ते आले कसे, ही गोष्ट सिकंदराबादेत सुरू होते.

२० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी सापडला. तेव्हा वऱ्हाडही कागदोपत्री हैदराबादच्या निजामाच्याच मालकीचा होता. १८५३ च्या तहानं कारभार तेवढा इंग्रजांकडे आला होता. रॉस यांच्या शोधाचा एक परिणाम असा झाला की साचलेल्या पाण्याकडे बघण्याची सरकारची नजर बदलली. वऱ्हाडात असं पाणी मुबलक होतं. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला होता आणि त्याच्या भरावासाठी खणलेले खड्डे पावसाळ्यात भरत होते. कापसाच्या व्यापारानं अकोला, अमरावती, खामगाव फुगत होती. वस्ती वाढली तशी विहिरी, हौद आणि डबकीही वाढली.

मासा हे डासावरचं औषध म्हणून सरकारी कागदांत शिरलं ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत. मुंबईत चार्ल्स बेंटली यांनी १९११ च्या अहवालात शहरातल्या हिवतापाचं खापर घरोघरच्या विहिरींवर फोडलं. विहिरी झाकण्याच्या आणि बुजवण्याच्या हुकमांना पारशी आणि हिंदू घरांतून धार्मिक कारणांनी विरोध झाला. विहीर उघडी राहणार असेल तर तिच्यात अळ्या खाणारं काही हवं, हे ओघानं आलंच. पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमनं सेवेल आणि चौधुरी यांची एक छोटी पुस्तिका काढली. डासांच्या नाशासाठी उपयोगी ठरलेले भारतीय मासे हा तिचा विषय. त्यात मान होता पँचॅक्सला. पाण्याच्या कातडीला चिकटून राहणारा, डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेला हा मासा. ठिपक्यामुळे बंगालीत त्याला तीन डोळ्यांचा म्हणतात. त्याचाच मोठा भाऊ, रेघांचा पँचॅक्स, कोकणपट्टीच्या पाटापाण्यात आणि विहिरींत राहतो.

म्हणजे १९१२ पर्यंत देशी माशांचं नाव कागदावर चढलं होतं. तिथून पुढे त्यांची वाढ व्हायला हवी होती. झालं उलटंच.

टेक्सासचा गँबुसिया १९०५ मध्ये आल्विन सील यांनी हवाई बेटांवर नेला होता आणि तिथून त्याची कीर्ती जगभर पसरली. स्पेन आणि इटलीतल्या दलदली त्यानं साफ केल्याच्या कथा १९२० च्या दशकात वैद्यकीय मासिकांतून फिरत होत्या. इटलीतून हा मासा १९२८ मध्ये बंगळूरला आला आणि तिथून देशभर वाटला गेला. त्याच्या आधी, १९१० च्या सुमारास, गप्पी आला होता. मूळचा व्हेनेझुएला आणि त्रिनिदादकडचा. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ पीटर्स यांनी त्याचं वर्णन १८५९ मध्येच केलं होतं. पण त्रिनिदादहून रॉबर्ट गप्पी या गृहस्थांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून लंडनच्या म्युझियमनं १८६६ मध्ये त्याला पुन्हा नवं नाव दिलं. ते नाव शास्त्रात टिकलं नाही, लोकांच्या तोंडी टिकलं. आज वऱ्हाडातल्या कुठल्याही खेड्यात ‘गप्पी’ म्हटलं की कळतं. तो त्रिनिदादच्या एका साहेबाच्या नावानं ओळखला जातो, हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही.

परदेशी माशानं बाजी मारली ती पिल्लं जिवंत जन्माला घालण्याच्या गुणावर. पँचॅक्स किंवा रासबोरा अंडी घालतात. अंडी चिकटवायला पाणवनस्पती लागतात, आणि ती कुणी खाऊ नये म्हणून जागा लागते. गप्पीची मादी साधारण महिन्याला एक वीण देते, एकेका विणीत वीस-पंचवीसपासून पन्नासपर्यंत पिल्लं. सिमेंटच्या उघड्याबोडक्या हौदात, वनस्पती नसताना, गढूळ पाण्यात, काहीही न शिकलेला माणूस गप्पी वाढवू शकतो. सरकारी खात्याला असाच मासा हवा असतो, ज्याला तज्ज्ञ लागत नाही आणि बादलीतून नेता येतो.

मग डीडीटी आली आणि मासे बाजूला पडले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याच्या नावातलं ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ आलं. फवारणीवाले गावात येत, भिंतींवर पांढरे डाग पडत, दारावर तारीख लिहिली जाई. १९६५ मध्ये रुग्णसंख्या लाखभरावर आली. एवढं यश मिळाल्यावर हौदात मासे सोडण्याचं कष्टाचं काम कोण करणार? पण डास डीडीटीला सरावले, कार्यक्रम ढिला पडला आणि १९७६ मध्ये देशात ६४ लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. त्यानंतर पुन्हा माशाची आठवण झाली. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात व्ही. पी. शर्मा यांच्या मलेरिया संशोधन केंद्रानं १९८३ पासून फवारणीविना हिवताप आटोक्यात आणण्याचा प्रयोग केला. खड्डे बुजवायचे, पाणी वाहतं ठेवायचं आणि उरलेल्या पाण्यात गप्पी सोडायचे, असा तो साधा मार्ग. नंतरच्या सरकारी योजनांत गप्पी कायमचा बसला.

अमरावती आणि अकोल्यात गप्पी घरात शिरण्याला आणखी एक कारण झालं, ते म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश. जमिनीखालचं पाणी खारं, कितीही खोल खणलं तरी खारंच. पिढ्यान् पिढ्या माणसं ते प्यायली, त्याच्या त्रासासकट. पुढे धरणांचं गोडं पाणी नळानं आलं. वान धरणावरून अकोट-तेल्हाऱ्याकडच्या ८४ खेड्यांची योजना झाली, शहानूर धरणावरून अंजनगाव-दर्यापूर भागातल्या १५६ गावांची. अकोला शहर महानच्या काटेपूर्णेवर आणि अमरावती अप्पर वर्ध्यावर अवलंबून राहिली. पाणी गोडं झालं, पण रोज येईना. कुठे दिवसाआड, कुठे त्याहूनही उशिरा. आलेला थेंब साठवायचा म्हणून घरोघरी सिमेंटची टाकी, प्लास्टिकचे ड्रम, जुने रांजण, जमिनीतले हौद भरले. एडिस डासाला घरातलं असं स्वच्छ साठवलेलं पाणी फार मानवतं. त्याची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या थोडी वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवते. भांडं रिकामं करून नुसतं वाळवलं तरी ती अंडी महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पुढच्या पाण्याबरोबर फुटतात. डेंग्यूला असं नळाचं पाणीही उपयोगी पडलं. वऱ्हाडातला उन्हाळा कूलरशिवाय काढता येत नाही, त्या कूलरच्या टाक्यांनी उरलेली कसर भरून काढली.

तेव्हापासून जिल्हा हिवताप कार्यालय, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशाताई यांच्या कामात दोन गोष्टी ठरलेल्या आहेत. वापराच्या पाण्यात ॲबेट हे अळीनाशक टाकायचं आणि मोठ्या, रिकाम्या न होणाऱ्या हौदांत गप्पी सोडायचे. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगितलं जातं, भांडी घासायलाही. कित्येक आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘गप्पी मासे पैदास केंद्र’ अशी पाटी आणि तिच्याखाली शेवाळलेला सिमेंटचा हौद दिसतो. “टाक्यात मासोया हायेत का?” हा पावसाळ्यातला सरकारी प्रश्न आहे. पिण्याच्या पाण्यात मासे ठेवायला पुष्कळ घरांत नकार मिळतो, विशेषतः माळकरी आणि जैन घरांत, आणि तो समजण्यासारखा आहे. सांडपाण्याच्या, गुरांच्या आणि बांधकामाच्या हौदाला कुणाची हरकत नसते.

पोरांनी याच हौदातले गप्पी बरणीत भरून घरी नेले. वऱ्हाडातल्या किती माणसांची पहिली पेटी म्हणजे खिडकीत ठेवलेली लोणच्याची बरणी होती, हे मोजणं शक्य नाही. पण हौसेच्या पेटीतला पहिला वरचा मासा इथे दुकानातून आलेला नाही, सरकारी हौदातून आला. पुण्या-मुंबईच्या पेट्यांचा इतिहास वेगळा आहे.

तो थोडा सांगायला हवा. बंद काचेच्या भांड्यात मासे आणि वनस्पती यांचा तोल साधता येतो, हे लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये दाखवलं. फिलिप गॉस यांच्या १८५४ च्या पुस्तकानं ‘ॲक्वेरियम’ हा शब्द लोकप्रिय केला. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलं, आणि मराठी माणसाला काचेपलीकडचा मासा बघायला मिळाला. मुंबई बघायला गेलेल्या वऱ्हाडी कुटुंबांच्या यादीत राणीची बाग, गेटवे आणि तारापोरवाला ठरलेलं असे. घरातली पेटी तेव्हा लोखंडी अँगलच्या चौकटीत पुट्टीनं काचा बसवून करत. ती जड असे आणि गळतही असे. सिलिकॉननं काचेला काच चिकटवणं सुरू झालं आणि पेटी हलकी, स्वस्त झाली. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात घालून मासे रेल्वेनं फिरू लागले. देशातल्या या व्यापाराची दोन मोठी ठाणी म्हणजे कोलकाता आणि चेन्नईचं कोळत्तूर. हावडा-मुंबई मार्गावर बडनेरा आणि अकोला ही दोन्ही स्थानकं असल्यानं वऱ्हाडला मासे मिळणं अवघड राहिलं नाही.

पेटीत तीन थर असतात हे मात्र वऱ्हाडातल्या भोई मच्छीमाराला दुकानदाराच्या आधीपासून माहीत आहे. तलाव तीन मजल्यांचं घर आहे, असंच मत्स्यबीज टाकताना धरलं जातं : कटला वर, रोहू मध्ये, मृगळ तळाला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी संप्रेरकाची सुई टोचून या कार्पांची वीण घडवली. त्यानंतर बियाणं मुबलक झालं आणि धरणांत, गावतळ्यांत हे त्रिकूट रुजलं. कटल्याचं मोठं, वर वळलेलं तोंड बघितलं की तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव गाळून खातो हे लगेच पटतं. गप्पीच्या तोंडाचं आणि कटल्याच्या तोंडाचं तत्त्व एकच, फक्त वजनात फरक. पेटी सजवताना वरचा मजला रिकामा सोडला तर वर टाकलेलं अन्न खाली जाऊन कुजतं, आणि पाणी नासतं. तलावातही कटला न टाकता फक्त मृगळ टाकले तर वरचं खाद्य वाया जातं.

आता दुकानात उभं राहिलेल्या वऱ्हाडी गिऱ्हाइकाच्या निवडीकडे येऊ. खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी वापरणार असाल तर गप्पी आणि मोली यांच्याशिवाय फारसा पर्याय नाही. दोघांना क्षारयुक्त, जड पाणी मानवतं. मोली तर थोड्या सवयीनं समुद्राच्या पाण्यातही राहू शकतो. उलट ॲमेझॉनच्या मऊ, किंचित आम्ल पाण्यातला हॅचेटफिश, ज्याच्या छातीचे स्नायू त्याला पाण्याबाहेर उडवतात, तो अशा पाण्यात झुरून मरतो. दुकानात तो छान दिसतो आणि त्याचं पाणी दुकानाबाहेर कसं आहे हे कुणी विचारत नाही. फायटर किंवा गुरामी यांना हवेतला प्राणवायू थेट घेण्याचा अवयव असतो. उन्हाळ्यात हे मासे टिकतात ते त्यामुळेच, पण नर फायटर एकटाच ठेवावा लागतो आणि त्याला वाटीभर पाण्यात कोंडणं ही क्रूरताच आहे.

अरोवाना हा अलीकडच्या बंगल्यांचा वरचा मासा. नशीब उघडतं म्हणून आणतात. आशियाई अरोवाना धोक्यातल्या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याच्या खरेदी-विक्रीवर जगभर कडक बंधनं आहेत. त्याच्या जागी दक्षिण अमेरिकेतला चंदेरी अरोवाना विकला जातो. तो पुढे जवळजवळ मीटरभर लांब होतो. चार फुटी पेटीत त्याला वळायला जागा नसते. घराचं नशीब काहीही होवो, माशाचं त्या पेटीत चांगलं होत नाही.

गोड्या नळाच्या पाण्यात, म्हणजे अमरावती-अकोला शहरांत, देशी माशांचं दार उघडं आहे. डेव्हॅरिओ, झेब्रा डॅनियो, रासबोरा, रेघांचा पँचॅक्स हे सगळे बंदिस्त विणीतून मिळतात. झेब्रा डॅनियोचं वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात केलं. १९८१ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याच्यावरचं काम प्रसिद्ध केलं, आणि आज जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत तो आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालतं. इतका आपला, इतका नामवंत आणि इतका स्वस्त मासा असताना गिऱ्हाईक त्याला ‘पट्टेवाला’ म्हणून कोपऱ्यात ठेवतं, ही दुकानदाराची नव्हे, गिऱ्हाइकाची चूक आहे. डॅनियो सहा-आठच्या थव्यात ठेवला की धीट होतो, एकटा ठेवला की लपतो. पँचॅक्सला गप्पीची पिल्लं हा खाऊ वाटतो, त्यामुळे दोघांना एकत्र ठेवू नये.

हे सगळे उड्या मारणारे मासे आहेत. पेटीला झाकण नसेल तर सकाळी फरशीवर सुकलेला मासा सापडतो. खोल पेटीपेक्षा रुंद पेटी त्यांना बरी, कारण त्यांना पाण्याची उंची नको, हवेला टेकलेला पृष्ठभाग हवा. जुने हौद रुंद आणि उथळ असत, ते या माशांना आयते फावले. नळाचं ताजं पाणी थेट ओतू नये. त्यातला क्लोरीन उडून जायला एक दिवस लागतो. मे महिन्यात पेटी भिंतीच्या आतल्या बाजूला, खिडकीपासून लांब असावी.

ज्यांना मेळघाटच्या ओढ्यातून पिशवीत डेव्हॅरिओ आणायची सुरसुरी येते, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की १९७४ पासून हा व्याघ्रप्रकल्प आहे आणि संरक्षित जंगलातला मासाही वन्यजीवच. परवानगीशिवाय तो पकडणं गुन्हा आहे.

शेवटी हिशोब गप्पी आणि गँबुसियाचाच करायला हवा, कारण वऱ्हाडात तेच सर्वाधिक पसरलेत. अळ्या ते खातात, यात शंका नाही. पण हिवतापाचे रुग्ण त्यामुळे कमी होतात का, हे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या समीक्षेत, २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये, तसा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. हौदातल्या अळ्या घटल्या एवढंच दिसलं. दुसरीकडे गँबुसिया जगातल्या शंभर सर्वांत घातक परक्या जीवांच्या यादीत आहे. तो देशी माशांची अंडी आणि बेडकाची पिल्लं फस्त करतो, आणि गंमत अशी की ती पिल्लं मोठी झाली असती तर त्यांनीही डासच खाल्ले असते. भारताच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणानंही त्याला आक्रमक परका ठरवलं आहे. गप्पी त्याच्याइतका बदनाम नाही, पण स्वभाव तोच. बंद सिमेंटच्या हौदात दोघांनीही कुणाचं नुकसान केलं नाही. नाल्यात आणि तळ्यात सोडले गेले तिथे बालूकी आणि रासबोरा यांना वाटेकरी मिळाला. हौदातल्या डासाचा नायनाट करायला आणलेला मासा पुरात वाहत गेला, टाकी धुताना गटारात गेला, आणि पेटीचा कंटाळा आलेल्यांनी पुण्य म्हणून तळ्यात सोडला.

त्यामुळे गप्पी जरूर पाळावेत, विशेषतः खाऱ्या पाण्याच्या गावांत. संख्या वाढली की शेजाऱ्याच्या बांधकामाच्या हौदासाठी द्यावेत, दुकानात परत करावेत, नाहीतर आरोग्य केंद्रात विचारावं. वान, शहानूर, काटेपूर्णा, सिपना, वडाळीचा तलाव, छत्री तलाव, यांतल्या एकाही पाण्यात ते ओतू नयेत.